‘मिरवणे’ : व्युत्पत्ती, दृश्यता आणि नगरातील चालणे

१

पवईच्या हिरानंदानी गार्डन्समध्ये संध्याकाळी जे चालणे घडते त्याला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा आहे. उंच स्तंभ आणि कमानी मिरवणाऱ्या इमारतींच्या पायथ्याशी, रुंद पदपथांवरून, ‘गॅलेरिया’ या बाजारसंकुलाच्या आसपास माणसे सावकाश चालत असतात. त्यांना कोठे पोहोचायचे नसते, तथापि त्यांचे चालणे निर्हेतुकही नसते. चालताना दिसणे हा त्या चालण्याचा एक हेतू असतो. ‘फिरायला जाणे’ हा वाक्प्रयोग येथे अपुरा पडतो, कारण त्यात आरोग्य आणि मोकळी हवा यांचा अर्थ प्रधान आहे. ‘शतपावली’ जेवणाशी बांधलेली आहे, ‘रपेट’ घोड्याची आठवण ठेवून आहे, ‘फेरफटका’ केवळ चालीचा सैलपणा सांगतो, तर ‘भटकणे’ आणि ‘उंडारणे’ ही क्रियापदे उच्चारताक्षणी दोष लावतात. चालणे आणि दिसणे यांना एकाच क्रियेत बांधणारे क्रियापद मराठीत प्रामुख्याने एकच आढळते, ते म्हणजे ‘मिरवणे’.

हा प्रश्न समीक्षेचाही आहे. महानगरी साहित्याची चर्चा करताना आधुनिक समीक्षेने ‘फ्लानर’ ही संकल्पना मध्यवर्ती मानली. बोदलेअरने १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात आधुनिक जीवनाचा चित्रकार म्हणून ज्याचे वर्णन केले, आणि वाल्टर बेन्यामिनने पॅरिसच्या छतबंद बाजारवीथींवरील आपल्या अपूर्ण ग्रंथप्रकल्पात ज्याला एकोणिसाव्या शतकाची खूण मानले, तो हा रमतगमत चालणारा निरीक्षक. मराठीत त्याच्यासाठी सहज सुचणारा पर्याय म्हणजे ‘भटक्या’. हे भाषांतर भाषिकदृष्ट्या सोयीचे असले तरी विश्लेषणाच्या दृष्टीने घातक आहे, आणि ते का घातक आहे याचे उत्तर ‘मिरवणे’ या शब्दाच्या इतिहासात सापडते, असे येथे प्रतिपादन आहे.

२

‘मिरवणे’ या क्रियापदाचा आजचा प्रमुख अर्थ ऐट दाखवीत हिंडणे असा आहे. परंतु हा अर्थ मूळचा नव्हे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातील गणेशवंदनेत, अगदी तिसऱ्याच ओवीत, हे क्रियापद आले आहे. शब्दब्रह्म हीच गणेशाची मूर्ती आणि वर्ण हे तिचे निर्दोष शरीर, असे ते रूपक आहे. त्या शरीराच्या संदर्भात येणारे ‘मिरवणे’ म्हणजे शोभणे, झळकणे, तेजाने प्रकट होणे. तेथे कोणी चालत नाही आणि दिखाव्याचा आरोपही नाही. मूर्ती स्थिर आहे, आणि तिचे मिरवणे हा तिचा स्वभाव आहे. सन १२९० च्या सुमाराच्या मराठीत, निदान या संदर्भात, ‘मिरवणे’ हे प्रकाशाचे क्रियापद आहे, पावलांचे नव्हे.

प्रकाशापासून पावलांपर्यंतचा हा प्रवास कसा झाला? ध्वनिसाम्यावर विसंबणारी उत्तरे येथे मोहात पाडतात. ‘मीर’ म्हणजे सरदार. सरदारासारखे चालणे ते मिरवणे, अशी उपपत्ती सुचू शकते. ती ऐकायला सुरस आहे. परंतु ज्या ग्रंथात हे क्रियापद रुळलेले दिसते तो अल्लाउद्दीन खिलजीच्या देवगिरीवरील १२९६ च्या स्वारीपूर्वीचा आहे, आणि त्या ग्रंथातील अर्थात सरदारीचा लवलेश नाही. दुसरा मोह ‘मरीचि’ या संस्कृत शब्दाचा. किरणवाचक ‘मरीचि’ प्रकाशाच्या अर्थाचे स्पष्टीकरण देऊ शकेल. मात्र लोकांसमोर थाटाने प्रकट होणे हा जो दुसरा अर्थ आहे, त्याच्याकडे जाणारी वाट त्यातून निघत नाही.

कन्नडमध्ये मात्र दोन्ही अर्थ एकाच धातूत नांदताना दिसतात. ‘मेरे’ हा कन्नड धातू चमकणे, उठून दिसणे, आणि थाट दाखवणे, तोरा मिरवणे अशा सर्व अर्थांनी वापरला जातो; त्यापासून झालेल्या ‘मेरवणिगे’ या नामाचा अर्थ मिरवणूक. तेलुगूत ‘मेरयु’ म्हणजे चमकणे आणि ‘मेरुपु’ म्हणजे वीज. प्रकाश, वीज, झळाळी आणि थाट असे एक भरलेले कुटुंब या धातूभोवती द्राविडी भाषांत आहे. मराठीत ‘मिरवणे’ आणि त्यापासून झालेली ‘मिरवणूक’ एवढाच त्याचा परिवार; हिंदीने तर या कामासाठी ‘जुलूस’ आणि ‘शोभायात्रा’ जवळ केले. ज्या बाजूला शब्दाचे गोत मोठे, त्या बाजूकडून तो आला असण्याची शक्यता अधिक, हा व्युत्पत्तिशास्त्रातील साधा संकेत येथे लागू पडतो.

या संदर्भात एक तपशील विशेष बोलका आहे. ‘मिरवणूक’ आणि ‘मेरवणिगे’ ही नामे सारखी दिसली तरी त्यांचे प्रत्यय स्वतंत्र आहेत. मराठी नाम ‘वागणूक’, ‘करमणूक’, ‘फसवणूक’ यांच्या साच्यातले, तर कन्नड नाम ‘बरवणिगे’ (लेखन), ‘बेळवणिगे’ (वाढ) यांच्या साच्यातले. म्हणजे मराठीने कन्नडमधील तयार नाम जसेच्या तसे उचलले, असे म्हणण्याची गरज नाही. धातू समान राहिला आणि त्यापासून थाटाच्या सामूहिक चालण्याचे नाम दोन्ही भाषांनी आपापल्या व्याकरणाने घडविले. तयार नाम उसने घेतले असता असे घडत नाही. विठ्ठलाच्या कानडेपणाची जी चर्चा रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये केली, तिच्या पार्श्वभूमीवर हे आश्चर्याचे नाही. ज्या प्रदेशात देव दोन भाषांचा आहे, त्या प्रदेशात देवाचे प्रकट होणे सांगणारे क्रियापदही दोन भाषांचे असावे, हे स्वाभाविक आहे.

व्युत्पत्ती ही अनेकदा मूल्यनिर्णयाची वाहक असते, हेही येथे नोंदवावे. थोरोने १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या चालण्यावरील निबंधात इंग्रजीतील ‘सॉन्टर’ (रेंगाळत चालणे) या क्रियापदाचा संबंध ‘पवित्र भूमी’कडे निघालेल्या यात्रेकरूंशी जोडला. भाषाशास्त्राने ती उपपत्ती मान्य केलेली नाही. परंतु रिकामे चालणे पवित्र ठरविण्याची लेखकाची गरज तीत स्पष्ट दिसते. ‘मिरवणे’ची ‘मीर’शी सांगड घालण्यातही असाच एक छुपा निर्णय आहे. थाटाने दिसण्याचा अधिकार सरदाराचा, इतरांनी केली ती नक्कल, असा तो निर्णय होय.

३

‘मिरवणे’चे व्याकरण पाहिले असता त्यातील सत्तासंबंध उघड होतात. ‘देव मिरवला’ या वाक्यात देव कर्ता आहे, पण तो स्वतः चालत नाही. त्याला खांद्यावर वाहणारे दुसरे असतात. ‘वराला मिरवीत आणले’ येथे नवरदेव कर्म होतो, आणि मिरवविणारे नातलग कर्ते. ‘ती शालू मिरवते’ किंवा ‘तो पदवी मिरवतो’ येथे वस्तू कर्म होते आणि व्यक्ती त्या वस्तूची वाहक ठरते. ‘मिरवून घेणे’ या प्रयोगात तर व्यक्ती स्वतःच्याच दृश्यतेची लाभार्थी असते. या चारही रचनांत एक घटक कायम अध्याहृत आहे, तो म्हणजे पाहणारा. निर्जन रानात कोणी ‘चालू’ शकतो, ‘हिंडू’ शकतो, ‘भटकू’ही शकतो, ‘मिरवू’ मात्र शकत नाही. ‘मिरवणे’ ही एकट्याने पूर्ण होणारी क्रिया नाही.

अर्थपरिवर्तनाचा क्रमही या दृष्टीने लक्षणीय आहे. कर्ता देव असताना ‘मिरवणे’ स्तुतिवाचक आहे. कर्ता नवरदेव असताना ते स्तुतिवाचकच आहे, पण एका दिवसापुरते. त्या दिवशी त्याला ‘देव’ म्हटले जाते हा योगायोग नव्हे. कर्ता सामान्य माणूस आणि दिवस सामान्य झाला की हेच क्रियापद निंदावाचक होते. म्हणजे शब्दाचा अर्थ खालावला असे म्हणण्यापेक्षा, तेज ज्याला शोभते असे समाज मानतो आणि ज्याला शोभत नाही असे मानतो, या दोहोंमधील सीमारेषा शब्दाने नोंदवून ठेवली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

या सीमारेषेची दुसरी बाजू ‘धिंड’ या शब्दात आहे. बाह्य क्रिया म्हणून पाहता मिरवणूक आणि धिंड यांत फरक नाही. दोन्हींत एका व्यक्तीला वाद्यांच्या गजरात, लोकांच्या नजरेसमोरून, गावभर फिरविले जाते. फरक आहे तो नजरेत. १७९१ साली पुण्याच्या घाशीराम कोतवालाची धिंड काढून त्याला दगडांनी ठार करण्यात आले. कोतवाल म्हणून ज्या रस्त्यांवर त्याने अधिकार मिरवला, तेच रस्ते धिंडीचे झाले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकाने या घटनेचा आधार घेतला, आणि त्यातील माणसांची हलती, पाहणारी, सोयीनुसार उघडणारी व मिटणारी भिंत ही मराठी रंगभूमीवरील ‘पाहणाऱ्या’ची एक समर्थ प्रतिमा ठरली. मिरवणे आणि धिंड यांचा निर्णय चालणारा करीत नाही, भिंत करते.

४

हे लक्षात घेतल्यावर ‘फ्लानर’साठी ‘भटक्या’ योजण्यातील अडचण स्पष्ट होते. फ्लानर पाहतो आणि गर्दीत न ओळखता राहतो. त्याची सुरक्षितता त्याच्या वेषात, वर्गात आणि पुरुषत्वात आहे. बेन्यामिन सांगतो की १८४० च्या सुमारास बाजारवीथींतून कासवे फिरविण्याची काही काळ टूम होती. कासवाच्या गतीने चालण्याची चैन ज्याला परवडते त्याचा रिकामेपणा हे त्याचे भूषण असते. मराठीतील ‘भटका’ याच्या अगदी उलट आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समूहांच्या चालण्यालाच गुन्ह्याचे रूप दिले, आणि १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसल्यावर ज्यांना ‘विमुक्त’ म्हटले गेले, त्यांचा निर्देश मराठीत ‘भटके-विमुक्त’ असा होतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मधील कैकाडी कुटुंबाचे चालणे किंवा लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) मधील पळापळ ही पाहण्याच्या आनंदासाठी केलेली भ्रमंती नव्हे. त्या चालण्यावर सतत दुसऱ्या कोणाची तरी नजर आहे, आणि ती संशयाची आहे. पॅरिसच्या चैनी निरीक्षकाला आणि गावाबाहेर पाल ठोकणाऱ्याला एकच नाव दिल्यास समीक्षा दोघांमधील अंतरच पुसून टाकते.

मराठी परंपरेत निर्हेतुक चालण्याला प्रतिष्ठाच नव्हती, असे मात्र नाही. महानुभावांच्या आचारधर्मात नित्य अटनाला मोठे स्थान आहे. परंतु ते अटन संन्याशाचे आहे. त्यात दिसण्याचा त्याग अभिप्रेत आहे. गृहस्थाच्या रिकाम्या चालण्याला हे संरक्षण मिळत नाही.

कायद्याची भाषा हा भेद अधिक उघडपणे बोलते. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ मधील व्याख्येनुसार, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी हिंडणारी व्यक्ती काही परिस्थितींत भीक मागणारी समजली जाते. या व्याख्येतील ‘दृश्य’ हे विशेषण निर्णायक आहे. साधन असणे पुरेसे नाही, ते दिसले पाहिजे. ज्याच्या अंगावर साधन दिसते त्याचे रेंगाळणे हा विरंगुळा. ज्याच्या अंगावर ते दिसत नाही त्याचे रेंगाळणे हा अपराध. ‘मिरवणे’ आणि ‘भटकणे’ यांच्यामधील सीमा भाषेने ज्या ठिकाणी आखली, त्याच ठिकाणी ती कायद्यानेही आखली आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ही सीमा आणखी अलीकडे सरकते. ‘मिरवायला निघाली’ हे वाक्य स्त्रीला उद्देशून आले की ते वर्णन राहत नाही, दटावणी होते. पुरुषाच्या मिरवण्यात पोकळ गर्वाचा दोष असतो. स्त्रीच्या मिरवण्यात चारित्र्याचा संशय मिसळला जातो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या मुंबईवरील अभ्यासाने असे दाखविले की सार्वजनिक जागी वावरणाऱ्या स्त्रीला आपल्या असण्याचा हेतू सतत दृश्य ठेवावा लागतो. बाजारहाट, नोकरी, देऊळ, मूल यांपैकी काहीतरी हाताशी असले पाहिजे. निर्हेतुक रेंगाळण्याचा हक्क हा नागरिकत्वाचा भाग आहे, ही त्या लेखिकांची भूमिका मराठीत मांडताना ‘भटकण्याचा हक्क’ एवढेच म्हणून भागत नाही. दंड न भरता दिसण्याचा हक्क, असा तिचा आशय आहे. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) मध्ये याच दृश्यतेची दुसरी टोकाची जागा आहे: नाक्यावर उभी असलेली, न चालणारी, पाहणारी पोरे. मुंबईच्या मराठी कादंबरीतील हा पाहणारा फ्लानरसारखा फिरत नाही. तो नाका अडवून उभा राहतो, आणि इतरांचे चालणे हे मिरवणे आहे की नाही ते ठरवितो.

जातीच्या संदर्भात ‘मिरवणूक’ हा शब्द अधिकच दाहक होतो. २० मार्च १९२७ रोजी महाड येथील परिषदेचे प्रतिनिधी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणुकीने चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्याले. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले. या घटनेचा विचार करताना पाण्याचा हक्क योग्य रीतीने अधोरेखित केला जातो. परंतु तेथवर जाण्याची रीतही तितकीच अर्थपूर्ण आहे. तळ्यावर एकेकट्याने, लपत जाता आले असते. उघड, रांगेने, गावाच्या डोळ्यांसमोरून जाणे हा त्या कृतीचा गाभा होता. ज्यांनी दिसू नये अशी व्यवस्था होती त्यांनी दिसत चालणे हे तेथे घडले. दलित वराने घोड्यावरून वरात काढल्यामुळे देशाच्या निरनिराळ्या भागांत आजवर घडलेल्या हिंसेमागेही पाहणाऱ्यांच्या भिंतीचा हाच निर्णय आहे: याला मिरवणे शोभत नाही. ज्ञानेश्वरीतील ‘शोभणे’ या अर्थाची ही सामाजिक किंमत आहे.

५

या प्रकाशात पवईकडे परत पाहिले असता ते स्थळ एका बहुस्तरीय संहितेसारखे वाचता येते. पवईचा तलाव १८९१ साली बांध घालून निर्माण झाला. त्याच्या काठी १९५८ साली आयआयटी आली. १९८६ च्या त्रिपक्षीय करारानंतर विकसित झालेल्या हिरानंदानी गार्डन्सला वास्तुविशारद हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी युरोपीय अभिजात शैलीचा साज दिला. परवडणाऱ्या घरांची करारातील अट पाळली गेली नाही, या आक्षेपावर मुंबई उच्च न्यायालयाला २०१२ साली आदेश द्यावा लागला. ‘गॅलेरिया’ हे नावच युरोपातील छतबंद बाजारवीथीचे आहे. मिलानची सुप्रसिद्ध गॅलेरिया १८६७ साली खुली झाली. बेन्यामिनच्या वीथींचे नाव पवईत आले, त्याबरोबर वीथीत चालणाराही आला. मात्र तो निरीक्षक म्हणून आला नाही. येथे चालणारा प्रामुख्याने दिसतो. पाहण्याचे काम इमारतींच्या कमानी, दुकानांच्या काचा आणि सुरक्षारक्षक यांच्यात वाटले गेले आहे. हे फ्लानरचे नव्हे, मिरवण्याचे नगर आहे.

त्याच परिसरात दुसरे मिरवणेही आहे. पवई तलावाचा गणेश घाट हे उपनगरांतील विसर्जनाचे एक मोठे ठिकाण राहिले आहे. १८९३ पासून सार्वजनिक झालेल्या उत्सवाच्या मिरवणुका, भांडुप, चांदिवली, साकीनाका अशा बाजूंनी, ढोलताशांसह याच पाण्याकडे येत राहिल्या. एरवी त्या परिसरातील पदपथांवर ज्यांच्या चालण्याकडे संशयाने पाहिले जाते, ती माणसे त्या दिवशी रस्त्याच्या मध्यभागी असतात, कारण मिरवणारा देव आहे आणि ती त्याची वाहक आहेत. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या ओवीत ज्या देवतेसाठी हे क्रियापद आले, तिच्याच निमित्ताने सामान्यांना ते वर्षातून एकदा निंदेवाचून लाभते.

चालण्याच्या जागेवरून येथे झालेला एक वादही नोंदवण्यासारखा आहे. महापालिकेने तलावाभोवती सायकल आणि जॉगिंगसाठी मार्ग बांधण्यास घेतला होता. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरविले आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. याचिकाकर्त्यांत आयआयटीचे विद्यार्थी होते. पाणथळ जागा, मगरींचा अधिवास आणि पर्यावरणाचे नियम हे त्या वादाचे विषय होते. परंतु सांस्कृतिक विश्लेषणासाठी त्यात आणखी एक सूचन आहे. तलाव ‘पाहण्याजोगा’ करण्याची योजना ही तलावाकाठी चालणाऱ्याला ‘दिसण्याजोगा’ करण्याचीही योजना असते, आणि पाण्याला स्वतःचे असे काही जीवन आहे हे तीत गृहीत धरलेले नसते.

जून २०२४ मध्ये पवईतील जयभीमनगरची घरे पाडण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि दरम्यान अनेक कुटुंबांनी पावसाळ्यात जवळच्या पदपथावर मुक्काम केला. पदपथ तोच, पण त्यावरील क्रियापद बदलले. ज्या फरशीवर संध्याकाळी मिरवले जाते तिच्यावर राहावे लागणे हे ‘भटकणे’ही नव्हते. या स्थितीला नेमके नाव देणारे क्रियापद मराठीत सहजी सापडत नाही. समाजाने ज्यांच्याकडे न पाहण्याचे ठरविले त्यांच्या दिसण्याला भाषेने नाव दिलेले नाही.

६

या विवेचनातून समीक्षेच्या दृष्टीने दोन गोष्टी हाती लागतात. पहिली परिभाषेची. ‘फ्लानर’ हा शब्द त्याच्या ऐतिहासिक संदर्भासह ‘फ्लानर’च ठेवावा, त्याचे ‘भटक्या’ हे भाषांतर टाळावे, कारण ते एका वर्गाची चैन आणि दुसऱ्या वर्गावरील शिक्का यांना समान लेखते. दुसरी गोष्ट पद्धतीची. महानगरी मराठी साहित्याचे वाचन करताना ‘कोण पाहतो’ या प्रश्नाइतकाच ‘कोणाचे दिसणे कोण शोभिवंत ठरवितो’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. हा दुसरा प्रश्न बाहेरून आयात करावा लागत नाही. ‘मिरवणे’, ‘मिरवून घेणे’, ‘मिरवणूक’ आणि ‘धिंड’ या शब्दांच्या परस्परसंबंधात तो आधीपासून उपस्थित आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की एका क्रियापदावर एवढा सैद्धान्तिक भार टाकणे म्हणजे व्युत्पत्तीला समाजशास्त्र समजणे होय. आक्षेपात तथ्य आहे. शब्दाचे मूळ त्याच्या आजच्या वापराचे नियमन करीत नाही, आणि कन्नड धातूतील चमक पवईच्या पदपथावरील वर्गभेदाचे कारण नव्हे. परंतु येथे मुळाला कारण मानलेले नाही. मूळ अर्थ जाणल्यामुळे एवढेच कळते की निंदा ही या शब्दात नंतर आलेली आहे, आणि ती सर्व कर्त्यांसाठी सारखी आलेली नाही. तेज हा स्वभाव मानला जात होता तेव्हा मिरवण्यासाठी परवानगी लागत नव्हती. ती परवानगी कोणाला मागावी लागते आणि कोण ती देतो, याचा शोध घेणे हे समीक्षेचे काम आहे.